'सुहैल'वरचा खारट फत्ता

'सुहैल'वर चौतीस माणसं होती. त्यांच्यापैकी एक्कावन्न जणांना मी आजवर भेटलो आहे.

हा विनोद नाही. वही माझ्या टेबलावर आहे, कुणीही यावं आणि मोजावं. 'सुहैल' म्हणजे समुद्रातले सुरुंग वेचणारी आमची एक छोटी युद्धनौका. १९६९च्या फेब्रुवारीत, मोठ्या ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, रशीद बंदराच्या समोर एक सुरुंग वेचायचा राहिला आणि तो तिलाच लागला. त्या दिवशी दहा जण रजेवर होते, चोवीस बोटीवर. नऊ गेले, पंधरा वाचले. चाळीस वर्षांत त्या पंधरांतले निम्मे तरी म्हातारपणाने गेले असणार असा माझा हिशेब होता. पण मी अलेक्झांड्रियाच्या बहरी भागातल्या कॉफीखान्यात वही उघडून बसलो की वाचलेले वाढतच जायचे. चहा माझ्याकडून असायचा, हे एक कारण असू शकेल.

एकाने मला सांगितलं की बोट बुडत असताना तो शिडाच्या टोकावर चढून बसला होता. मी म्हणालो, "'सुहैल'ला शीड नव्हतं. इंजिनाची बोट होती." त्याने शांतपणे चहाचा घोट घेतला आणि मला विचारलं, "मग मी कशावर चढलो होतो?" अशा माणसाला काय सांगणार.

मी रिफअत. एकतीस वर्षं अलेक्झांड्रियात शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झालो त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात बायको म्हणाली, "घरातले डबे मोजणं बंद करा. मोजायचंच असेल तर बाहेर जाऊन काहीतरी मोजा." म्हणून मी नौसैनिक स्नेही संघात गेलो. संघाचे अध्यक्ष सफवत पाशा, निवृत्त कमांडर. छाती अजून पुढे, स्मरणशक्ती मात्र मागे राहिलेली. चाळीस वर्षं पुरी होतील त्या दिवशी संघाच्या भिंतीवर मृतांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवायची आणि बोटीवर एक पुस्तिका काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पुस्तिका लिहायला कुणी तयार नव्हतं. मी हो म्हणालो. जुन्या हजेरीपटाची प्रत त्यांनी मला दिली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

एक्कावन्नांतून खरे निवडायचे कसे? गणवेशातले फोटो सगळ्यांकडे होते. जखमांचे व्रण तर खोट्यांकडे जास्त होते. तिसऱ्या महिन्यात मला चाळणी सापडली, तीही योगायोगाने.

मुर्सी नावाचा एक जुना खलाशी आहे, बोटीवर निशाणं दाखवायच्या कामावर होता. आता मासळीबाजाराच्या तोंडाशी मिठातल्या शिंपल्या विकतो. मितभाषी माणूस. बुडण्याबद्दल विचारलं की "बुडाली" एवढंच म्हणायचा. एक दिवस गप्पा पुढे सरकाव्यात म्हणून मी विचारलं, "त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"ईद होती. फत्ता होता." ईदला आमच्याकडे तो असतोच, पाव-भातावर रस्सा आणि मटण. आणि मग त्याचा चेहरा आंबट झाला. "पण मीठ काय होतं हो त्यात! अल्लाह माफ करो, आम्ही समुद्रात पडलो आणि नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा माझ्या मनात आलं, हे त्यापेक्षा कमी खारट आहे."

चाळीस वर्षांनी माणूस असा चिडतो, तो खरं बोलत असतो. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. उत्तरांचे सरळ दोन ढीग पडले. सहा जणांनी तोंड वाकडं केलं आणि मिठाचं नाव काढलं. उरलेल्या पंचेचाळीस जणांनी सांगितलं की तसा फत्ता पुन्हा आयुष्यात खाल्ला नाही. पाव कसा खरपूस, रस्सा कसा, वर मटण कसं लोण्यासारखं. एकाचे तर डोळे भरून आले. सहा खरे, पंचेचाळीस थापाडे. अशी चाळणी एखाद्या मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकालाही सुचली नसती, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "प्राध्यापकांना कामं असतात."

पंचेचाळीसांत एक अपवाद होता, आणि तो मी समजुतीने बाजूला काढला होता. तो म्हणजे खुद्द बोटीचा स्वयंपाकी, हाजी खमीस अबू-शूशा. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'बोटीवर. वाचला' असं स्वच्छ लिहिलं होतं. तो मला म्हणाला होता, "फत्ता? उस्ताद, पोरं बोटं चाटत होती." कुठला स्वयंपाकी म्हणेल की माझ्या हातचं खारट झालं होतं? मी समासात लिहिलं, 'स्वयंपाक्याचा अभिमान. चालेल.'

हाजी खमीसला बहरीत कोण ओळखत नाही. कलेजीच्या सँडविचचं दुकान, दुपारी बारा ते चार पाय ठेवायला जागा नसते. दारावर पाटी आहे, 'सुहैलचा वीर'. गल्ल्याच्या वर काचेच्या चौकटीत पदक. कुणाच्या मुलीचं लग्न असो, कुणाच्या घरी मयत असो, हाजीची पातेली तिथे पोचतात आणि तो कुणाकडून पैसे घेत नाही. संघाच्या कार्यक्रमाचं जेवणही तोच देणार होता. फत्ताच.

जानेवारीत एका सकाळी कॉफीखान्यात एक बाई आली. आमच्या कॉफीखान्यात बायका येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी एकदम खुर्च्या सरकवल्या आणि कुणालाच बसायला जागा उरली नाही. सत्तरी ओलांडलेली, काळा कोट, हातात प्लास्टिकची पिशवी. ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"उस्ताद रिफअत तुम्हीच ना? बुडालेल्यांची वही तुमच्याकडे आहे म्हणे."

"वाचलेल्यांचीपण आहे."

"माझा भाऊ कुठल्या पानावर आहे ते बघायचंय. वहीब गिरगिस."

तिचं नाव मादाम ऑदेत. चर्चच्या शिवणवर्गात आयुष्यभर शिवण शिकवलेली. मी पान उलटलं आणि शाळेत निकाल वाचायचो त्याच आवाजात वाचलं, "वहीब गिरगिस. मदतनीस स्वयंपाकी. घटनेच्या दिवशी रजेवर. रजा संपल्यावर कामावर परतला नाही. फरार." वाचून झाल्यावर मला माझ्या आवाजाची लाज वाटली. अजून वाटते.

ती रडली वगैरे नाही. पिशवीतून तिने कागद काढले. लष्करी पोलीस तीनदा घरी आले होते, तिन्ही वेळच्या पावत्या. शेजारपाजारचे म्हणायचे, ग्रीसला पळाला. कुणी म्हणायचं, ऑस्ट्रेलियाला, बाई ठेवलीय. एका शेजाऱ्याला तर त्याचं पत्र आलं होतं म्हणे; पत्र कुणी पाहिलं नाही.

"रजा म्हणे," ती म्हणाली. "घरी आलाच नाही तो त्या रजेत. आम्ही पोलिसांना सांगितलं, तर ते म्हणाले, असंच असतं, घरी येत नाहीत म्हणून तर फरार म्हणतात. आईने एकोणीस वर्षं दाराला आतून कडी घातली नाही. पोरगा आला तर ठोठावावं लागू नये म्हणून. दोनदा चोरी झाली."

"आता मी काय करू शकतो?"

"चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात. त्यात त्याचं नाव द्यायचं तर तो मेलेला पाहिजे ना? आई होती तोवर म्हणायची, जिवंत पोराचं नाव तिथे दिलंस तर याद राख. आता आई नाही. मी एकाहत्तर वर्षांची. माझ्यामागे त्याचं नाव घेणारं कुणी उरत नाही. मला एवढंच सांगा, तो पळाला की मेला? पळाला असेल तर शिव्या घालीन, मेला असेल तर मेणबत्ती लावीन. चाळीस वर्षं दोन्ही एकदम करतेय. जमत नाही."

मी म्हणालो, कागद स्पष्ट आहे, पाटीवर नऊच नावं जाणार. ती उठायला लागली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबड करतो. विषय बदलावा म्हणून मी तिला माझ्या चाळणीची गोष्ट सांगितली. खरे सहा, थापाडे पंचेचाळीस, आणि तो मिठाचा फत्ता. तिला हसू येईल असं वाटलं होतं.

ती परत खाली बसली. "किती खारट?"

"समुद्रापेक्षा."

"फेब्रुवारी संपत आला होता. आमचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता तेव्हा."

"असेल."

"उस्ताद, तो फत्ता कोणी केला होता?"

"खमीसने. तोच स्वयंपाकी होता."

"त्याने चाखून नाही बघितला? मुसलमान माणूस, ईदचा दिवस, मटणाचा फत्ता, आणि चमचाभर तोंडात घालून बघितलं नाही?" तिने पिशवी छातीशी धरली होती. "आमचा वहीब उपासात चाखायचा नाही. मटण शिजवायचा, पण जिभेवर थेंब ठेवायचा नाही. त्या वर्षांत ईद नेमकी आमच्या उपासातच यायची. शेजारच्या उम्म करीमकडे फत्ता तोच करायचा, आणि मग अख्खी इमारत दिवसभर पाणी पीत बसायची. मीठ घातलं की नाही हे त्याच्या लक्षात राहायचं नाही, म्हणून पुन्हा घालायचा."

मी घरी येऊन जुनं पंचांग काढलं. बाई बरोबर होती. त्या वर्षी त्यांचा उपास ईदच्या दहा-अकरा दिवस आधी सुरू झाला होता.

मग मी हजेरीपट पुन्हा वाचला. मोठ्या ईदला ख्रिस्ती मदतनीस रजेवर आणि मुसलमान स्वयंपाकी बोटीवर. हे वाचून ज्याला काहीही वाटत नाही त्याने इतिहासाला हात लावू नये. मी वर्षभर ते रोज वाचत होतो. आमच्याकडे फौजेत, कारखान्यात, इस्पितळात, सगळीकडे हेच चालतं: आमच्या ईदला ते थांबतात, त्यांच्या ईदला आम्ही. कागदावर कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं तर परवानगी मागावी लागेल आणि परवानगी मागितली तर नाही म्हणतील. लहान मुलालाही ठाऊक आहे. पण मी भूगोलाचा मास्तर.

दुसऱ्या दिवशी मुर्सीकडे गेलो. तो शिंपल्यांवर पाणी मारत होता.

"मुर्सी, त्या दिवशी फत्ता कोणी केला?"

त्याने डबा खाली ठेवला. "वहीबने."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलंत, जेवायला काय होतं. कोणी केलं ते कुठे विचारलंत?"

मी चिडलो. त्याच्या शिंपल्या उधळून द्याव्यात असं वाटलं. "अरे, त्याला फरार ठरवलं! त्याच्या आईने..."

"आम्हाला काय माहीत तो मेला?" मुर्सी माझ्याकडे बघत नव्हता. "नऊ प्रेतं मिळाली, त्याचं मिळालं नाही. पोहायचा चांगला. आम्ही म्हटलं, गेला असेल कुठेतरी किनाऱ्याला. आणि बोललो असतो तर खमीस तुरुंगात गेला असता. लढाईचे दिवस, बोट सोडून घरी गेला म्हणजे काय होतं ठाऊक आहे ना? अदलाबदल आम्ही सगळेच करायचो. आज त्याचं नाव सांगितलं तर उद्या आपलं निघेल. म्हणून सगळे मूग गिळून बसलो. मग वर्षं गेली. मग बोलायला तोंड उरलं नाही."

"आता बोल. लिहून दे."

"खमीसविरुद्ध? माझ्या मुलीच्या लग्नात त्याने दोनशे माणसं जेवू घातली, उस्ताद. एक पैसा घेतला नाही." मग तो हळूच म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्याच मुलींच्या लग्नात जेवू घालतो तो. का घालतो असं तुम्हाला वाटतं?"

उरलेल्या पाच खऱ्यांनीही हेच सांगितलं. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा, कुणाच्या बापाचं चाळिसावं.

मी सफवत पाशांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा "कोण वहीब?" विचारलं. मग म्हणाले, "उस्ताद, मीठ हा पुरावा नाही. खमीस स्वतः सही करून देत असेल की तो बोटीवर नव्हता, तर दहावं नाव घालू. पाटीवाल्याला यादी गुरुवारी द्यायची आहे."

म्हणजे सगळं खमीसवर आलं. मी तीन दिवस विचार केला की त्याला कसं विचारावं. दयामाया सांगून बघावी, तर ती त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती. धमकी द्यावी, तर मला येत नाही. एकतीस वर्षांत एकही पोरगा मला घाबरला नाही. शेवटी मी एक वाक्य लिहिलं आणि बुधवारी भर दुपारी दुकानात गेलो. गर्दी होती. हाजी तव्यावर कलेजी परतत होता, हिरव्या मिरचीचा ठसका सगळ्या गल्लीत.

"या उस्ताद! ह्यांना एक द्या रे, तिखट."

"हाजी, पुस्तिकेत एक वाक्य तुमच्याबद्दल आहे. छापण्याआधी वाचून दाखवतो."

"वाचा, वाचा!" तो खुशीत होता. गिऱ्हाइकांनीही माना वर केल्या.

मी वाचलं. "'त्या दिवशी हाजी खमीस अबू-शूशा यांनी स्वतःच्या हाताने केलेला फत्ता इतका खारट झाला होता, की वाचलेल्या सहा जणांना तो चाळीस वर्षांनंतरही विसरता आलेला नाही.'"

त्याचा कालथा थांबला. "खारट?"

"समुद्रापेक्षा, असं मुर्सी म्हणतो."

"माझा फत्ता? खारट?" तो गिऱ्हाइकांकडे वळला. "ऐकलंत? माझ्या हातचा!" मग माझ्याकडे. "उस्ताद, मी बारा वर्षांचा असल्यापासून चुलीपुढे आहे. माझ्या हाताला मीठ कळतं. डोळे बांधा आणि आणा मला पातेलं!"

"होतं कधीकधी, हाजी. ईदची गडबड. मीठ जास्त पडतं."

"माझ्या हातून नाही पडत!" त्याने कालथा तव्यावर आपटला. "आयुष्यात एकदाही पडलेलं नाही! तो माझा हातच नव्हता! त्या पोराला मी शंभरदा सांगितलं होतं, बाबा, तुला चाखायचं नसेल तर मुर्सीला चाखायला दे, पण तो..."

आणि तो थांबला. कलेजी जळायला लागली. त्या दुकानात कलेजी जळल्याचा वास मी पहिल्यांदाच घेतला. त्याचा चेहरा एवढा पडला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी जिंकलो होतो, आणि मला अगदी हलकटासारखं वाटत होतं.

त्याने तवा बाजूला केला. "सँडविच घेऊन जा, उस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि परत येऊ नका."

गुरुवारी पाटीवाल्याकडे नऊ नावांची यादी गेली. मी त्याला एवढंच सांगितलं, की नवव्या नावाखाली एका ओळीची जागा सोड. सफवत पाशांनी पाटी बघितल्यावर विचारलं, ही रिकामी जागा कशाला? मी म्हणालो, दगडाला श्वास घ्यायला जागा लागते, नाहीतर तडकतो. त्यांना दगडातलं काही कळत नाही. त्यांनी मान डोलावली आणि दोन दिवसांनी तेच वाक्य मला स्वतःचं म्हणून ऐकवलं.

मादाम ऑदेतला मी सगळं सांगितलं होतं, फक्त पुढे काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे तो मेला, हे तुम्हाला आणि मला ठाऊक. चर्चमधल्या अबूनांना काय सांगू? मिठावरून कळलं?"

"कार्यक्रमाला या," मी म्हणालो. दुसरं सुचलं नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला संघाच्या सभागृहात एक्कावन्नच्या एक्कावन्न आले. बाहेर दर मार्चच्या सुरुवातीला येणारं सल्लूमचं वादळ यंदा चार दिवस आधीच आलेलं, खिडक्या थडथडत होत्या. पहिल्या रांगेत पंचेचाळीसांतलेच सगळे, छातीवर काय काय लावून. शीडवाला अगदी मधोमध. मादाम ऑदेत मागे भिंतीला टेकून, त्याच काळ्या कोटात. सफवत पाशांचं भाषण झालं. त्यांनी बोटीचं नाव दोनदा चुकवलं. पाटीवरचा पडदा सरकला. नऊ नावं, खाली कोरा दगड.

हाजी खमीस येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो पातेली घेऊन आला होता आणि स्वतः वाढत होता, एकेकाच्या ताटात, मान खाली घालून. भाजलेला पाव, भात, रस्सा, वर मटण. माझ्यासमोर आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पहिला घास तोंडात घातला आणि गिळायला मला पाण्याचा पेला लागला.

पहिल्या रांगेतले मात्र गिळत होते. डोळ्यांत पाणी, कपाळाला घाम, आणि एकमेकांना सांगत होते, "वा! तोच! अगदी तस्साच!" शीडवाल्याने तर पुन्हा वाढायला सांगितलं. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून थोडा आदर वाटतो.

मुर्सी कोपऱ्यात बसला होता. त्याने घास घेतला, चमचा ताटात ठेवला आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागला. अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हा वहीबचा आहे."

बाकीच्या पाच जणांनीही चमचे खाली ठेवले.

हाजी खमीसने पळी पातेल्यात सोडली. "हो," तो म्हणाला. "वहीबचाच. मी तसाच करून आणलाय." त्याचा आवाज एरवी चार गल्ल्या पलीकडे जातो. आज पुढे सरकून ऐकावं लागत होतं. "त्या दिवशी मी घरी होतो. आईच्या हातचा फत्ता खात होतो, बेताच्या मिठाचा. रजा वहीबची होती. मला म्हणाला, खमीस, तू तुझ्या ईदला जा, मी माझ्या ईदला जाईन. बोट बुडाल्याचं कळलं तसा मी तळावर पळत गेलो. हेच सांगायला गेलो होतो. दारात अधिकाऱ्याने मला मिठी मारली आणि ओरडला, पंधरा! पंधरावा सापडला! तो रडत होता. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. उद्या सांगू म्हटलं. मग पदक आलं. पदकानंतर सांगणं आणखी अवघड झालं."

सफवत पाशा उभे राहिले. "हे लेखी द्यावं लागेल."

खमीसने खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांना दिला. सही, अंगठा, दोन्ही होतं. त्यावर त्याने पदक ठेवलं.

मादाम ऑदेत पुढे आली. लोकांनी तिला वाट करून दिली. ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या खांद्याएवढी.

"आईने एकोणीस वर्षं कडी घातली नाही."

"ठाऊक आहे. मी यायचो तुमच्या गल्लीत."

"मग वर का नाही आलास?"

"तीनदा जिना चढलो. दार उघडं दिसायचं." त्याने डोळे पुसायला पंचा शोधला, तो खांद्यावरच होता. "बंद असतं तर ठोठावलं असतं. उघडं बघून पाय पुढे जायचे नाहीत."

ती आणखी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर कुणी अडवलं नसतं, खमीसने तर नाहीच. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"मीठ किती घातलंस?"

"दुप्पट."

"तो तिप्पट घालायचा," ती म्हणाली. पिशवीतून तिने एक डबा काढला. "भर ह्यात."

मी मध्ये पडलो. "मादाम, तुमचा उपास सुरू आहे ना? सोमवारीच लागला."

"एकोणीस एप्रिलला सुटतो. फ्रीझरमध्ये ठेवते."

खमीसने डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी तिला दिला.

रविवारी पाटीवाला आला आणि कोऱ्या ओळीत दहावं नाव कोरून गेला. अक्षरं थोडी बारीक झाली आहेत, कारण मी जागा कमी सोडली होती. नौदलाच्या कचेरीत फरारीची नोंद बदलायला अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे. खमीसने दारावरची पाटी उतरवली, त्या जागी अजून काही लावलेलं नाही, गर्दी तेवढीच असते. मी परत आलो तर चालेल, असा त्याचा निरोप मुर्सीकडून आला. मी गेलो. त्याने मला सँडविच दिलं आणि पैसे घेतले. मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात वहीबचं नाव चर्चमध्ये वाचलं गेलं. मी मागे उभा होतो. माझ्याही मागे, अगदी दाराशी, कोण उभं होतं ते मी वळून पाहिलं नाही. परतलेल्या कलेजीचा वास येत होता.

ईस्टरच्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. बायकोने उचलला आणि मला दिला.

"उस्ताद, खाल्ला," मादाम ऑदेत म्हणाली.

"कसा होता?"

चाळीस वर्षांत जी पोलिसांसमोर रडली नाही, खमीससमोर रडली नाही, ती आता रडत होती आणि शेवटचा घास तोंडात ठेवूनच बोलत होती.

"खारट," ती म्हणाली. "खाववत नाही इतका खारट. सगळा संपवला."